च्यारी सरांचा शेवटचा हात

घाटापलीकडे चित्रशाळा या शब्दाचा अर्थ काय होत असेल तो होवो, आमच्या डिचोली-पेडण्यात चित्रशाळा म्हणजे चतुर्थीचे गणपती करायची जागा. साखळीच्या टोकाला सदाशिव च्यारी यांची चित्रशाळा तीन पिढ्यांची. तिथला नियमही तीन पिढ्यांचा. माती कोणीही मळावी, साचा कोणीही दाबावा, पीतांबराला पिवळा रंग शेजारच्या पोरींनी लावला तरी देव रागावत नाही. डोळे मात्र मालकानेच काढायचे. डोळे नसलेला गणपती म्हणजे राहिलेलं काम, आणि राहिलेलं काम च्यारींच्या घरात खपत नसे.

हेच सदाशिव च्यारी साखळीच्या एका शाळेत एकतीस वर्षं ड्रॉइंगचे सर होते. घरी कोंकणी, वर्गात मराठी आणि सरकारी पत्राला इंग्रजी, अशा तिन्ही भाषांत ते सारखेच कमी बोलत. त्यांचा हात बोलत असे. स्पर्धेला जाणारं प्रत्येक चित्र आधी सरांच्या टेबलावर यायचं आणि त्यावर सरांचा शेवटचा हात फिरायचा. झाडाला थोडी सावली, वाघाला थोडी मिशी, समुद्राला थोडी लाट. यात कोणाला काही गैर वाटत नसे. पालक तर हा शिकवण्याचाच भाग समजत. ‘झाडे वाचवा’, ‘पाणी वाचवा’, ‘वाघ वाचवा’, ‘हेल्मेट घाला’, ज्या ज्या वस्तूला वाचवायचं होतं तिच्यासाठी शाळेने एकेक ढाल मिळवली होती. मुख्याध्यापिकांच्या खोलीतलं कपाट त्या ढालींनी भरलं होतं. वाघ किती वाचले ते ठाऊक नाही.

खाणी दुसऱ्यांदा बंद पडल्या त्या वर्षी, चतुर्थीच्या तोंडावर, एक नवंच परिपत्रक आलं. तरुणांसाठी चित्रकला व लघुपट स्पर्धा, विषय मानसिक आरोग्य. लघुपटाचा भाग सरांनी बाजूला ठेवला, कारण त्यात ब्रश कुठे लावायचा हे त्यांना समजेना. चित्राचं मात्र त्यांनी पाच मिनिटांत सोडवलं. मुलांना सांगितलं, एक डोकं काढा, डोक्यात काळा ढग काढा, बाजूने मदतीचा हात येतो आहे असं दाखवा. चौदा मुलांनी चौदा डोकी काढली.

पंधरावं चित्र दहावीतल्या सेजल गावसचं होतं. त्यात ढग नव्हता. एक स्वयंपाकघर होतं. जनेलाशी, खिडकीच्या उजेडात, एक बाई बसलेली, समोर ताटलीत पाववाल्या पोदेराकडचे दोन उंडे, कोणी न मोडलेले. कोपऱ्यातली बालदी, भिंतीवरचं कालनिर्णय, बाईच्या साडीवरची बुट्टी, सगळं इतकं बारकाईने की उंड्यांवरच्या चिरा मोजून घ्याव्यात. फक्त बाईच्या चेहऱ्यावर, डोळ्यांच्या जागी, नुसता अंगाचा रंग होता.

सप्टेंबरमधला रविवार. चित्रशाळेत चाळीस गणपती ओळीने डोळ्यांची वाट बघत बसलेले. सर पाटावर बसून एकेकाचे डोळे काढत होते आणि शेजारी शाळेच्या चित्रांचा गठ्ठा, कारण सोमवारी तो पणजीला जायचा होता. दुपारपर्यंत हात इतका लागला होता की तो थांबायला तयार नव्हता. एक गणपती संपला, सरांनी गठ्ठ्यातलं वरचं चित्र ओढलं, पाहिलं, आणि मनात म्हणाले, पोरीला वेळ पुरला नाही. चार फटकाऱ्यांत त्यांनी बाईला डोळे दिले. तेच डोळे, जे सकाळपासून काढत होते. शांत, किंचित खाली झुकलेले, समोरच्याला अभय देणारे. बाई आता नैवेद्य स्वीकारायला बसल्यासारखी दिसू लागली.

त्यांची बायको चंद्रावती चहा घेऊन आली होती. तिने चित्राकडे पाहिलं.

“ह्या पण तुमीच करतात?”

“राहिलं होतं तिचं.”

“देवाक डोळे देतात ता बरा. माणसांक तरी सोडा.”

सरांनी चहा घेतला. बायकोचे टोमणे ही चित्रशाळेतली आणखी एक तीन पिढ्यांची गोष्ट होती.

सोमवारी त्यांनी सेजलला बोलावून सांगितलं, “तुझे डोळे राहिले होते गो, मी केले.” सेजलने चित्राकडे बराच वेळ पाहिलं. “हां सर,” म्हणाली. ‘हां सर’ याखेरीज दुसरं उत्तर त्या शाळेत एकतीस वर्षांत कोणी दिलं नव्हतं. चित्र पणजीला गेलं.

पहिला नंबर आला. परीक्षकांनी लिहिलं, ‘चित्रातील स्त्रीच्या डोळ्यांत आशा आहे.’ पेपरात तेच छापून आलं. चित्राचं पोस्टर काढून आरोग्य केंद्रांना वाटायचं ठरलं.

दहा ऑक्टोबरला पणजीत बक्षीस समारंभ झाला. सेजलचा बाप जयराम पांढरा शर्ट घालून आला होता. गावस मूळ दोडामार्गचे. जयराम पाळीच्या खाणीवर टिप्पर चालवायचा. खाण बंद झाल्यावर मोरजीला एका हॉटेलवाल्याची गाडी चालवायला लागला आणि रविवारपुरता घरी येऊ लागला. भाषणं संपली, ढोकळा आणि फ्रुटीचं वाटप सुरू झालं. सर सेजलजवळ जाऊन उभे राहिले.

“आई नाही आली?”

“नाय सर.”

“बघ, पोस्टर किती छान झालंय. परीक्षक म्हणाले ते ऐकलंस ना, डोळ्यांत...”

“सर,” सेजल म्हणाली, “तिका डोळे नाय होते.”

“राहिले होते म्हणून तर...”

“राहिले नाय. मीच मुद्दाम काढूक नाय. ती आई आसा.” सेजल पोस्टरकडे न बघता फ्रुटीच्या नळीचं टोक चावत होती. “शिगम्यापासून ती माझ्याकडे बघणा नाय. समोर बसता, डोळे उघडे असतत, पण बघणा नाय. बाबा म्हणता थकली. माका वाटला, पणजेत हुशार माणसा असतत. चित्र बघून कोणतरी विचारतलो, ह्या बायलेक काय झाला म्हणान.”

सरांनी पुन्हा पोस्टरकडे पाहिलं.

“आता कोण विचारूचो नाय,” सेजल म्हणाली. “तिच्या डोळ्यांत आशा आसा.”

तिने हे रागाने म्हटलं असतं तर सरांचं काहीतरी भागलं असतं. तिने ते पेपरात वाचलेली बातमी सांगावी तसं सांगितलं.

सदाशिव च्यारी हे नियमाने चालणारे गृहस्थ. चूक झाली तर ती लेखी कळवावी, असा त्यांचा समज होता. दुसऱ्याच दिवशी त्यांनी अर्ज लिहिला की सदर चित्रातील डोळे विद्यार्थिनीने नव्हे तर खाली सही करणाऱ्याने काढले असून बक्षीस रद्द व्हावं आणि पोस्टर मागे घ्यावं. रजा टाकून अर्ज स्वतः पणजीला स्पर्धेच्या कचेरीत घेऊन गेले. तिथल्या क्लार्कने तो दोनदा वाचला.

“सर, बक्षीस मागे घ्यायची आमच्याकडे पद्धतच नाय.”

“मग काय करायचं?”

“काय करू नकात. सगळ्याच शाळांत सर काढतात.” क्लार्कने आवाज खाली आणला. “तुमच्या एकट्याचं रद्द केलं तर बाकीच्यांवर अन्याय होतलो न्ही?”

सरांनी अर्ज घडी करून परत खिशात घातला. एकतीस वर्षांच्या सगळ्या ढाली त्यांच्या डोळ्यांपुढून गेल्या असाव्यात.

त्या पुढच्या रविवारी त्यांनी चंद्रावतीला सांगितलं की पाळीला गावसांच्या घरी जाऊन येतो. रंगांची छोटी पेटी बरोबर घेतली. एकवीस ऑक्टोबर होता तो. चित्र पाठवल्याला एकेचाळीस दिवस झाले होते. हा आकडा त्यांनी मागाहून आम्हाला कितीतरी वेळा सांगितला, दर वेळी कोणी न विचारता.

गावसांचं स्वयंपाकघर चित्रात होतं तसंच होतं. बालदी तिथेच, कालनिर्णय तिथेच, पान मात्र मार्चचं. शालिनी गावस जनेलाशी बसली होती. सरांनी नमस्कार केला. तिची नजर त्यांच्यावरून, भांड्यांवरून, दारावरून सारखीच फिरली, कशालाच न अडकता. आयुष्यभर ज्याने डोळे काढले त्या माणसाला उघडे आणि तरीही न काढलेले डोळे कसे दिसतात हे त्या दिवशी प्रथम कळलं. पोरीने ते अंगाच्या एका रंगात काढले होते.

आणि तिच्या डोक्यावर, भिंतीवर, प्लास्टिक घातलेलं पोस्टर लावलेलं होतं.

“येवा सर, बसा,” जयराम म्हणाला. “बघा, किती बरी दिसता.” तो पोस्टरकडे बोट दाखवत होता. “शेजारचे म्हणी होते, डाक्तराक दाखय. मी म्हटलंय, कित्याक? पेपरात इला, सरकारान पयलो नंबर दिलो, डोळ्यांत आशा आसा म्हणान लिवला. पोरीन आपल्या आईक बघूनच काढला ना?”

पोस्टरमुळे कोणी विचारलं नाही एवढंच त्यांना ठाऊक होतं. जे विचारत होते त्यांनाही ते परत पाठवत होतं, हे त्यांना आता कळलं.

“जयराम, ते डोळे माझे. मी काढले. सेजलने काढले नव्हते.”

“तुमचो आशीर्वाद, सर.”

“आशीर्वाद नव्हे. खोटे आहेत ते. मी गणपतीचे काढतो तेच काढले. वहिनींना डॉक्टरकडे न्यायला हवं.”

जयराम हसला. मोठी माणसं असं म्हणतात, हे त्याला ठाऊक होतं. “सर, तुमी उगाच आपल्याकडे कमीपणा घेतात. चाय घेवा.”

तेव्हा सरांनी पेटी उघडली. अंगाचा रंग घोळला, ब्रश बुडवला आणि ते पोस्टरकडे निघाले.

“नको सर,” सेजल म्हणाली.

ती चुलीकडे उभी होती. तिने चहाचं भांडं खाली ठेवलं.

“परत तुमचोच हात?”

सरांचा हात तिथेच थांबला. मग त्यांनी ब्रश उलटा करून दांडा तिच्याकडे केला. एकतीस वर्षांत असा ब्रश त्यांनी कोणाला दिला नव्हता. चतुर्थीत तर मुळीच नाही.

सेजल स्टुलावर चढली. प्लास्टिक फाडलं. तिने एक डोळा झाकला, वाळू दिला, दुसरा झाकला. घाई केली नाही. खाली तिची आई बसली होती. डोक्यावर पोरगी उभी आहे, रंगाचा एक थेंब आपल्या खांद्यावर पडला आहे, याचं तिला काही नव्हतं. जयरामने तो थेंब पुसायला पुढे होऊन बायकोच्या खांद्याला हात लावला. मग मान वर करून पोस्टरवरच्या बाईकडे पाहिलं. मग पुन्हा बायकोकडे.

“शालिनी,” त्याने हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली नाही.

त्याने खिशातून फोन काढला आणि मोरजीच्या मालकाला सांगितलं, “सोमवारी येवचंय नाय. बायलेक दाखवचा आसा.”

सोमवारी दवाखान्याच्या व्हरांड्यात सरही बसले होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. डॉक्टरबाई जयरामला म्हणाल्या, थोडं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं, पण होईल हळूहळू. हे वाक्य डॉक्टर सगळ्यांनाच सांगत असतील. सर ते आपल्यालाच सांगितलं असं धरून चालले आहेत.

शालिनीच्या गोळ्या चालू आहेत. काही दिवस बरे जातात. एका रविवारी तिने सेजलला, केस किती वाढवलेस गो, असं विचारलं, तेव्हा सेजलने ते सरांना शाळेत येऊन सांगितलं. त्यापलीकडे ती त्यांना फारसं काही सांगत नाही. आपली चित्रं तर दाखवतच नाही.

पुढच्या वर्षी शाळेची चित्रं जशी होती तशी गेली. एकही ढाल आली नाही. मुख्याध्यापिकांनी विचारलं, सर, तब्येत बरी आहे ना?

तब्येत तशी ठीक आहे, थोडा रक्तदाब. महिन्यातून एकदा गोळ्या आणायला सर आरोग्य केंद्रात जातात. तिथे ते पोस्टर अजून आहे, तेच डोळे, तीच आशा. सर बाकावर त्याच्याकडे पाठ करून बसतात. गोळ्या देणारा दर महिन्याला त्यांना म्हणतो, “सर, तुमच्याच शाळेचं न्ही हें? किती बरी दिसता बायल.”

“डोळे माझे आहेत,” सर म्हणतात.

“मगे? बघताच कळता तें,” तो कौतुकाने म्हणतो, आणि गोळ्यांची पुडी पुढे करतो.