बायकोने हुंगलेली टाकी

शिळफाट्याला माझं काचेच्या टाक्यांचं दुकान आहे. माशांच्या टाक्या करण्यात आयुष्य गेलं, आणि सांगून ठेवतो, माझी टाकी कधी गळली नाही. म्हणूनच थोरल्या भावाची मुलगी कर्जतहून आली आणि म्हणाली, "काका, मला बेचकीसारखी दोन फाट्यांची टाकी पायजे," तेव्हा मी चहा यायच्या आत काच कापायला घेतली.

पोरगी दार्जिलिंगकडे सॅलॅमँडरवर संशोधन करते. दिसायला पाल, पण जातकुळी बेडकाची. पावसाळ्यात जोडी जमवायला तो पाण्यात उतरतो. नर मादीची मनधरणी वासाने करतो म्हणे. अंगातून वास सोडायचा आणि शेपूट हलवून तिच्याकडे ढकलायचा. एका फाट्यातून नर ठेवलेलं पाणी सोडलं आणि दुसऱ्यातून साधं, तर मादी कुठे वळते, ते पुतणीला बघायचं होतं. पाऊस सरला की प्राणी परत रानात जातात. टाकी वेळेत झाली नाही तर तिचं वर्ष फुकट जाणार होतं.

टाकी झाली. तिने आत डोकं घातलं.

"काका, सांध्यांत भरलेल्या सिलिकॉनचा वास येतोय. हा पाण्यात उतरला तर मादी कुठल्या वासाने वळली ते मला कसं कळणार?"

माझं डोकंच फिरलं. माझ्या टाकीला नावं ठेवते? मला तर कसलाच वास येईना. तेवढ्यात बायको डबा घेऊन आली. तिनेही वाकून हुंगलं.

"आंबट येतंय. कैरी चिरून ठेवल्यागत."

"तुझं आपलं काहीतरीच."

"सिलिकॉन हुंगून तुमचं नाक कवाच गेलंय. परवा दूध करपलं ते तरी कळलं का तुमाला?"

मी पातं घालून सांधा उकलून बघितला. घाईत मी सांधे जाड भरले होते, ते आतून ओलेच राहिले होते. सगळं खरवडून काढलं, पातळ भरलं, नीट वाळू दिलं. मग रोज पाणी भरायचं, बायकोने हुंगायचं आणि तिने नाक मुरडलं की ओतून द्यायचं. एका सकाळी ती म्हणाली, "आता काय नाय. नुसतं पाणी हाय." बांधायला मी पेंढा आणला, तर माझ्यावरच कडाडली, "पेंढ्याला वास नाय का?" शेवटी साबण न लावता धुतलेल्या तिच्या जुन्या साड्यांत टाकी बांधून गेली.

ऐन पावसाळ्यात पुतणीचा व्हिडिओ कॉल आला. आमच्या टाकीत काळपट मादी फाट्याशी थांबली होती. इकडे तोंड, तिकडे तोंड. मग सावकाश डाव्या फाट्यात शिरली.

"नराचं पाणी तिकडंच हाय, काकी. बहुतेक माद्या तिकडंच वळल्यात."

"आन् दुसरा कसला वास नाय ना, पोरी?"

"नाय. तुमच्या नाकाची शप्पथ."

छाती फुगली माझी. पुतणीपायी की बायकोपायी, ते विचारू नका, दोघी माझ्याच.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं. टाकी कधी मिळेल म्हणालं.

म्हटलं, "आमच्या मंडळींनी पास केली की."