पांढऱ्या कपाळाच्या आमदारीणबाई

सुमतीवहिनी मत मागायला दारात आल्या की आधी विचारत, "पाणी किती वाजता येतं गं? वरच्या मजल्यावर चढतं का?" उमेदवाराने हात जोडावेत, हसावं आणि पुढच्या दाराकडे वळावं, ही आमच्या लालबागची रीत. ही बाई मोरीत शिरून नळ सोडून बघायची. "राजकारण म्हणजे चाळीतलं पाणी," त्या म्हणत. "वरच्या मजल्याला पोचलं तर खरं. नाहीतर खालचेच दोनदा आंघोळी करतात." त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण कुणी आमदार म्हटलं की मला अजून त्यांची ती पांढरी साडीच दिसते.

घराणं गिरगावातलं, मोठं. सासरे आमदार, नवरा आमदार, आणि मतदारसंघ मात्र आमचा, लालबाग-परळचा. नवरा ऐन चाळिशीत गेला. धाकटा दीर भाऊराव तेव्हा विलायतेत बॅरिस्टरी शिकत होता, म्हणून पोटनिवडणुकीला या विधवा सुनेला उभं केलं. गादी रिकामी राहू नये म्हणून, दुसरं काय! निवडून आल्यावर भाषणंसुद्धा सासरेच लिहून देत. वहिनी हसून म्हणायच्या, "मी म्हणजे हळदीकुंकवाला सांगितलेली बाई. उखाणा दुसऱ्याने रचायचा, मी फक्त घ्यायचा."

मग मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही असं वरती ठरलं. सभागृहात त्या बाजूने हात वर करायचा, असा पक्षाचा हुकूम सुटला. शेजारच्या बाकांवर हात वर गेले, वहिनींचा मांडीवरच राहिला. घरी आल्यावर सासऱ्यांनी विचारलं, "सूनबाई, हात का नाही उचललात?"

"मामंजी, भाषण तुमचं होतं. हात माझा आहे."

तोवर भाऊराव परतला होता. पुढच्या निवडणुकीचं तिकीट त्याला मिळालं. वहिनींनी पदर खोचला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूने दिराविरुद्धच अर्ज भरला. हरल्या असत्या तर आमदारकीही गेली असती आणि घरही. माहेर तर आई-वडिलांमागे कधीच सरलं होतं.

आमच्याकडे उमेदवार आला की चाळीच्या तोंडाशी सुवासिनी ओवाळतात. भाऊरावच्या माणसांनी नेमकं तेच धरलं. "सकाळच्या पारी पांढऱ्या कपाळाचं तोंड कशाला बघायचं?" असं नळानळावर पसरवलं. मेल्यांना दुसरं सुचायचं तरी काय! मी प्रचारात वहिनींच्या बरोबर होते. पहिल्याच दिवशी, आमच्याच चाळीत, त्या पुढे झाल्या तशी माझ्या सासूने आरतीचं ताट पदराखाली घेतलं. बाकीच्या जणी भिंतीकडे बघायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, काय चाललंय हे?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"माझो कुंकवाचो धनी घरात आसा गो," सासू म्हणाली. "माका भीती वाटता."

वहिनींनी ते ऐकलं. "राहू दे, तेल तरी वाचेल," म्हणाल्या. "पाणी किती वाजता येतं, तेवढं सांगा." पण जिना उतरताना त्यांनी कठडा घट्ट धरला होता. चाळ बदलली तरी ताटं अशीच पदराखाली जात राहिली.

मग परळच्या एका चाळीत हौसाबाई भेटली. तिच्या घराने नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "शकुन-अपशकुन आम्ही टाकले, बाई. आमच्या दारात नुसतं माणूस येतं. बसा, चहा घ्या." चहा झाला तशी ती चपला घालून निघाली आणि वहिनींच्या पुढे चालायला लागली, थेट आमच्या गल्लीपर्यंत. आमच्या बाया आता दोघींकडे बघून कुजबुजायला लागल्या. तेव्हा मात्र माझं टाळकं सरकलं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मुंबईसाठी लढताना गोळीबारात आपली पोरं गेली, तेव्हा गोळीने काय कपाळ बघितलं होतं?"

त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची मतपेटी वेगळी असे आणि पेट्या पडद्याआड ठेवलेल्या. बाया एकेक करून आत जात आणि तोंड मिटून बाहेर येत. भाऊरावच्या माणसांनी दुपारीच पेढ्यांची ऑर्डर दिली. मला धाकधूक होती, पण वहिनी निवांत होत्या. "बाई चारचौघांत जगाचं ऐकते," त्या म्हणाल्या. "पडद्याआड स्वतःचं ऐकते."

मोजणीला वहिनींची पेटी उघडली आणि चिठ्ठ्या संपता संपेनात. भाऊराव साफ आपटला. गल्लीत ढोल वाजायला लागले, माणसांनी वहिनींच्या गळ्यात हार घातले, गुलालाची परात आणली आणि तिथेच सगळे थबकले. विधवेच्या कपाळाला लावायचा कसा? ढोलही थांबले. वहिनींनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. मग स्वतःच परातीत हात घातला आणि भुवयांपासून भांगापर्यंत गुलाल फासला.

"हा तुमच्या मतांचा आहे," त्या म्हणाल्या. "आता कुणी पुसून दाखवा."

गर्दीतून माझी सासू पुढे आली. तिने वहिनींच्या कपाळाला बोट लावलं आणि तोच गुलाल स्वतःच्या कुंकवावर ओढला. "चुकलंय गो बाय," एवढंच म्हणाली. तिच्यामागे सुवासिनींची ही रांग लागली. घेता घेता वहिनींच्या कपाळावरचा गुलाल सरत आला, तेव्हा हौसाबाईने परात पुन्हा पुढे केली आणि वहिनींनी पुन्हा कपाळ भरून घेतलं.