नायलॉनला दिलेली साल

माझा भाऊ बन्सी एका जागी स्वस्थ बसलाय, असं मी तरी कधी पाहिलं नाही. आई म्हणायची, ह्याच्या पायाला भिंगरी आहे. बरं, जन्माला कुठं आला, तर भोयाच्या घरात. चिंचवडला पवनेच्या काठी आमची सात-आठ घरं. भोयानं गळ टाकायचा आणि काठावर दगडासारखं बसायचं, हा आमचा धंदा. हा घटकाभर बसायचा, उठायचा, गळ काढून बघायचा, परत टाकायचा, परत उठायचा. मासा काय, बेडूकही लागत नसे.

मग त्यानं स्वतःची रीत काढली. होडीतून मागं लांब दोरी सोडायची. दोरीच्या टोकाला गळ आणि दांडा कापलेला पितळी चमचा. होडी चालली की चमचा पाण्यात गरगरतो, चमकतो आणि शिवड्याला वाटतं, लहान मासाच पळाला. शिवडा म्हणजे आमच्या नदीतला मोठा मिशाळ मासा, महाअधाशी. आळीतली माणसं ह्या प्रकाराला 'पळता गळ' म्हणायची, तेही दात काढून. आमचा चुलता दत्तोबा विचारायचा, "बन्सी, आधी मासा दमतो का तू दमतोस रं?" विचारू दे. त्याच्यापेक्षा दुप्पट मासळी आमच्या पाटीत असायची.

होडी मी वल्हवायची. नवरा वारल्यावर मी माहेरी परत आले, तेव्हापासून वल्हं माझ्या हातात. "आक्का, तू वल्हव, मी दोरी धरतो," एवढंच त्यानं पहिल्या दिवशी म्हटलं. कीव नाही, उपदेश नाही. त्या एका वाक्यानं मी त्या घरात ताठ मानेनं राहिले.

दोरीही मीच करायची. सुताचे पदर पायाच्या अंगठ्याला बांधायचे आणि घट्ट वेणी घालत जायची. साठ हात वेणी घालायला मला आठ दिवस लागत. मग तिला साल द्यायची. म्हणजे बाभळीची साल हंड्यात उकळायची, पाणी लालभडक झालं की त्यात दोरी सोडायची, वाळवायची, परत सोडायची. असं तीनदा. साल दिलेलं सूत पाण्यात कुजत नाही. कोरी दोरी नदीत घालायची नाही, हे आमच्यात पोरीबाळींनाही शिकवावं लागत नसे.

छप्पन्न साल असेल. पिंपरीकडं कारखाने उठायला लागले होते. त्यातल्या एकात बन्सीचं नाव लागलं. बाटल्या तपासायचं खातं. बंद खोली, समोर दिवा, आठ तास एकेक बाटली उजेडापुढं धरून बघायची. आळीत सगळे म्हणाले, नशीब काढलं पोरानं. बन्सीनं भाकरीचं ताट पुढं सरकवलं. "आक्का, मी मरीन तिथं," म्हणाला. तो थट्टेतही असं बोलणारा नव्हता.

त्याच कारखान्याचा पाणी खेचायचा पंप आमच्या नदीवर बसत होता. त्या कामावर एक गोरा साहेब होता आणि त्याचं बोलणं मराठीत सांगायला ज्योतीराम नावाचा कारकून. पंपावर एक होडीवाला लागणार होता. रोज होडीतून फिरायचं, पंपाच्या तोंडाशी आलेलं शेवाळ काढायचं, पाणी मोजायचं. बन्सी त्या दोघांच्या मागं मागं चार दिवस फिरला. साहेबाला मासेमारीचा भारी नाद. त्यानं पळता गळ पाहिला आणि पागलच झाला. ज्योतीराम आम्हाला म्हणाला, "भाऊ, साहेब म्हणतात, रविवारी रांजणडोहातला शिवडा धरून दाखव. नदी कळणारा माणूस पाहिजे त्यांना. धरलास तर पंपाची होडी तुझी. नाही तर सोमवारी बाटल्यांवर हजर व्हायचं."

साहेबानं वर एक रीळही दिलं. त्यावर नायलॉनची दोरी. मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. काचेसारखी पारदर्शक, एकच तार, ना पदर ना वेणी. मला ती आवडली नाही. माझ्या आठ दिवसांच्या कष्टाला ती हसतेय, असं वाटलं, खोटं कशाला सांगू.

दिवाळी होऊन गेलेली, पाणी नितळ. नितळ पाण्यात माझी जाड लाल वेणी शिवड्याला लांबून दिसायची आणि तो वळून जायचा. नायलॉन दिसतच नसे. बारीक असल्यामुळं चमचाही खोल जायचा. पण बन्सीचं बोट तिच्यावर आंधळं व्हायचं. वेणी ताणत नाही. चमचा फिरतोय, चमच्याला शेवाळ लागलं, माशानं नुसतं तोंड लावलं, सगळं तिच्यातून बोटाला कळतं. नायलॉन रबरासारखी ताणायची. मासा चावून निघून गेल्यावर ह्याला बातमी. त्यात आमची भोई गाठ तिच्यावर सरकायची, आणि झटका बसला की बोट कापायचं ते वेगळंच.

तीन दिवस आम्ही त्या डोहात फेऱ्या घातल्या. अर्धा तास वेणी, अर्धा तास नायलॉन. "थांब, बदलतो." "वळव, परत जाऊ." "आता हळू." "आता जोरात." माझे खांदे भरून आले.

"एक कायतरी ठरव रं मुडद्या," मी शेवटी ओरडले.

"दोन्ही खरं बोलत्यात, आक्का. म्हणून तर ठरंना," तो म्हणाला.

शुक्रवारी दुपारी मात्र त्याचं डोकं चाललं. हातात वेणी, आणि शेवटी चमच्याआधी चार हात नायलॉन. बोटाला कळेल आणि माशाला दिसणार नाही. गाठीचा घोळ होता, तर तीन जास्तीचे वेढे देऊन त्यानं तोही सोडवला. इतका खूश झाला की दत्तोबाच्या घरी जाऊन सांगून आला. मीही खूश झाले. माझी वेणी राहिली होती ना हातात.

आणि शनिवारी सकाळी तो चमचा घासायला राख आणायला गेला असताना मी घरात बघते, तर नायलॉनचं रीळ तसंच कोरं. माझ्या वेणीला कोरी दोरी बांधून हा डोहात उतरणार, आणि तेही असल्या दिवशी. मला राहवेना. मी हंडा चढवला, साल टाकली, पाणी लाल झाल्यावर वेणीला बांधलेल्या तुकड्यासकट सगळी नायलॉन आत सोडली आणि चांगली खदखदू दिली. ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. बाहेर काढली तेव्हा दोरी आखडून शेवयांच्या गुंत्यासारखी झाली होती. आणि काळी-लाल. वेणीपेक्षाही जास्त उठून दिसणारी.

बन्सी आला, त्यानं हंडा बघितला. मग माझ्याकडं. रागावला असता तर बरं झालं असतं. तो खाली उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "आचंपाशी नेऊ नगं म्हनला व्हता ज्योतीराम. मीच तुला सांगाया इसरलो." मी पदर तोंडात कोंबून रडले. त्यानं गुंता रिळावर कसाबसा गुंडाळला आणि नदीकडं चालता झाला.

रविवारी सकाळी साहेब आणि ज्योतीराम काठावर येऊन उभे राहिले. आमच्याकडं फक्त वेणी. पहिल्या दोन फेऱ्या कोरड्या गेल्या. बन्सी होडीत उभा राहायचा, बसायचा, पुन्हा उभा. मग त्यानं थेरगावच्या बाजूला बघितलं. गवळ्यांच्या म्हशी पाण्यात उतरत होत्या, त्यांच्या पायांनी गाळ उठून डोहाच्या तोंडाशी गढूळ पट्टा पसरला होता. "आक्का, तिकडं. कडंकडंनं," तो म्हणाला. मला उमगलं. गढूळ पाण्यात दोरी दिसते कुणाला?

पट्ट्याच्या मधोमध आलो आणि त्याचा हात थबकला. "तोंड लावलंय," तो पुटपुटला. मी वल्हं तसंच धरलं. एक हिसका, आणि होडीचं तोंडच फिरलं. पुढचा अर्धा तास मला नीट आठवत नाही. एवढं आठवतं की वेणी तुटली नाही. मांडीएवढा जाड शिवडा होडीत आपटत होता आणि बन्सी लहान पोरासारखा हसत होता.

काठावर साहेबानं त्याच्या पाठीवर थाप मारली, मासा उचलून बघितला, पुन्हा पुन्हा मान हलवली. मला वाटलं, जिंकलो. मग त्यानं रीळ मागितलं.

बन्सीनं ते काढून दिलं. साहेब बराच वेळ बोटानं तो गुंता चाचपत राहिला. ज्योतीराम म्हणाला, "आचेपाशी नेऊ नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"व्हय."

"मग उकळली कुणी?"

मी तोंड उघडलं. बन्सीनं माझ्या पायावर पाय ठेवला आणि दाबला. "मीच," तो म्हणाला.

साहेब सावकाश काहीतरी बोलला. ज्योतीरामनं आमच्याकडं न बघता सांगितलं, "मासा फार सुरेख धरलास म्हणतात. पण यंत्राजवळ सांगितलेलं ऐकणारा माणूस लागतो. नको म्हणून सांगूनही तेच करणारा नको."

'मी केलं', दोनच शब्द होते. ते मला बोलता आले नाहीत. स्वतःला मी सांगत आले की गोऱ्यासमोर बाईमाणसाची जीभ उचलली नाही. ते खरं नाही. मला भीती वाटली. ज्याच्या घरात राहते त्याच्या पोटावर मीच पाय दिला, हे चार लोकांत ठरलं असतं. मी पाण्याकडं बघत उभी राहिले.

सोमवारी तो कारखान्यात गेला. संध्याकाळी आला, हातपाय धुतले. मी विचारलं, "काय करायचं असतं तिथं?"

"बसायचं," तो म्हणाला.

मंगळवारी मी साहेबाला खरं सांगायला निघाले आणि पंपाच्या कुंपणावरून परत फिरले. बुधवारीही. गुरुवारी ज्योतीराम समोरून येताना दिसला तर मी बाभळीमागं गेले. शनिवारी मनाचा हिय्या करून थेट पाण्यापर्यंत पोचले, तर पंपाची होडी नदीत होती. तिच्यात दुसराच कुणीतरी होता. वल्हं त्याला धड धरता येत नव्हतं, होडी जागच्या जागी फिरत होती. मी घरी येऊन पीठ मळायला घेतलं.

जेवताना बन्सीनं खाली मान घालूनच विचारलं, "आक्का, पंपाच्या होडीवर कोन घेतला गं?"

"मी न्हाई गेले तिकडं," मी म्हटलं.