चिंचेखालची माती

लढाई चालू होती. आमचे धनी पलटणीबरोबर दूर ब्रह्मदेशात, आणि मी तासगावकडच्या सासरी नवी सून. नवरात्रात घट बसवायला सासूबाईंनी माती आणायला सांगितली ती देवळामागच्या चिंचेखालची. का, तर तिथं गवताची काडी उगवत नाही, म्हणजे माती सोवळी!

मी तिथंच म्हटलं, "आवं आत्याबाई, जिथं गवत येत न्हाई तिथं धान कसं यील?"

"लय शानी हायस! आण जा गुमान."

आणली. माझ्या माहेरी बांधावर अशीच चिंच होती. तिच्याखाली ज्वारी कधी धड आली नाही, अगदी ऊन लागायचं त्या बाजूलासुद्धा. वडील म्हणायचे, चिंचेच्या पाल्यातून, मुळ्यांतून मातीत काहीतरी उतरतं, दुसऱ्याचं बी मग डोळाच उघडत नाही.

तिसरी माळ चढली, तरी घटाखाली हिरवं टिपूस नाही. शेजारपाजारी कोंब वर आलेले. सासूबाईंनी पाणी घालून घालून पार चिखल केला. मग बसल्या देवापुढं ताठ. जेवण नको, बोलणं नको. घटाचं धान रुजलं नाही की घरातला कर्ता पुरुष... पुढचं कुणी तोंडातून काढत नव्हतं. एक चुलतसासू तेवढी माझ्याकडं बघून म्हणाली, "हिचा पायगुण, दुसरं काय!"

माझं डोकंच फिरलं. भीती मलाही होतीच की, कुंकू माझं होतं! पण चिंचेच्या पाल्यापायी मी पांढऱ्या पायाची ठरणार नव्हते. बसवलेला घट हलवता येत नाही, म्हणून मळ्यातली माती आणून शेजारीच दुसरी पत्रावळ मांडली. त्याच डब्यातलं धान, त्याच तांब्यातलं पाणी. "आता बघा," म्हटलं, "खोट माझ्यात हाय का मातीत."

"न्हाई उगवलं तर?" सासूबाईंनी एवढंच विचारलं.

"उगवंल."

उगवलं की! दसऱ्यापर्यंत चांगलं बोटभर, पिवळंधमक. घटाखालचे दाणे तेवढे फुगून कुजले होते.

दसऱ्याला गडीमाणसं टोपीत घटाच्या धानाचे तुरे खोवून सोनं लुटायला निघाली. सासूबाई उठल्या. माझ्या पत्रावळीतली रोपं उपटली, खुंटीवरचा लेकाचा फेटा काढला आणि त्यात खोवली. फेटा परत खुंटीला अडकवला नाही, माझ्या हातात दिला.

"तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे," म्हणाल्या. "आला की तूच दे त्याला."