सासूबाईंसमोर मांडलेले चिंचोके

आमच्या परतवाड्याच्या सासुरवाडीत पाडव्याला दुपारी तीनपत्तीचा डाव मांडला जाई. पैसे नाहीत, चिंचोके. प्रत्येकाला सारखी ओंजळ, संपले की बाद. जो बाद होईल त्यानं उठून बाकीच्यांना फराळ वाढायचा. शेवटी जो उरेल त्याचा एक शब्द घरानं पाळायचा.

माझी ती पहिलीच दिवाळी. लग्न होऊन सहा महिनेही झाले नव्हते तोच बायकोला माहेरी आणलं होतं, आणि सासूबाईंचा मनसुबा जाहीर होता : पोरगी संक्रांतीपर्यंत इथंच. माझ्या अकोल्याच्या जठारपेठेतल्या दोन खोल्या रिकाम्या, आणि मी करपलेल्या पोळ्यांचा धनी! म्हणजे डाव जिंकायलाच हवा होता.

बायकोनं मला माजघराच्या दारात गाठलं.

"ऐकून घ्या. पयले चिंचोके स्वस्त असतात. चहा झाला का दरवेळी दुप्पट टाका लागते. तोवर चांगली पानं नसली तर टाकून द्या. बाकीचे एकमेकाईले खातीन."

"अन् लोक हसले तर?"

"हसू द्या ना जी! हसनारे पयले उठतात."

आता माझा स्वभाव असा, की पत्ता हातात आला की भुवई उडवायची, मांडी थोपटायची, न बघताच चिंचोके उधळायचे. आणि जावयानं तर दिलदारीच दाखवायची असते. पण मी मुक्यासारखा बसलो. पानं उचलली, टाकली. उचलली, टाकली.

"जवाईबापू, पत्ते खेळून राहिले का पेरनी करून राहिले?" मोठा साळा ओरडला. सगळे खो-खो हसले. सासरेबुवा डोळे पुसत म्हणाले, "अकोल्याची मानसं जपून खर्च करतात, बाप्पा!"

मी आतून तडफडत होतो. एकदा राजांची जोडी आली तेव्हा मात्र खेळलो, जिंकलो, आणि पुन्हा मुका झालो.

दुसरा चहा झाला. साळा न बघता खेळायचा, सासरे त्याला चिडवण्यासाठी न बघता खेळायचे. बापलेकांनी एकमेकांना धुऊन काढलं. तिसऱ्या चहाला साळा तोंड पाडून चिवड्याचं ताट फिरवत होता, मागोमाग सासरे करंज्या वाढू लागले. मी मान वर करून पाहिलं तर समोर एकच गडी उरला होता. सासूबाई!

त्या काळी आमच्याकडे सासू जावयाशी बोलत नसे. पण पत्ते खेळायला बोलावं कुठं लागतं? डोक्यावर पदर, अर्धी पाठ माझ्याकडे, आणि बाईंनी दुपारभर माझ्याहूनही जास्त वेळा पानं टाकली होती. बायको ही विद्या कुठं शिकली ते तेव्हा कळलं.

मला पानं आली : नव्वी, पंजी, दुर्री. कचरा! पण एक गोष्ट माझ्या बाजूनं होती. दुपारभर मी चांगल्या पानांशिवाय हललो नव्हतो, आणि ते सासूबाईंनी पाहिलं होतं. मी सगळे चिंचोके मध्ये लोटले.

बायको माझ्यामागे उभी होती. तिनं पानं पाहिली.

"पोरी," सासूबाई तिला म्हणाल्या, "त्याईले इचार, खरंच खेळतात का?"

"खरंच खेळतात, माय."

आवाज स्थिर. पण पदराचं टोक तिनं मुठीत इतकं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली होती. सासूबाई पानांकडे पाहतच नव्हत्या. त्या मुठीकडे पाहत होत्या.

मग त्यांनी हातातली पानं उघडी केली. राण्यांची जोडी! आणि ती बाजूला सारली.

"हे काय व?" सासरे किंचाळले. "जोडी टाकली?"

सासूबाईंनी पदर नीट केला, वळल्या आणि सरळ माझ्याकडे पाहून बोलल्या, "जवाईबापू, तुमच्या हातात काई नाई, मले मालूम हाय. पन पोरीच्या मनात लय हाय. न्या तिले."

सासू जावयाशी बोलली होती!

"संक्रांतीले आनजा मात्र," त्या पुढं म्हणाल्या, "अन् पोयी करपत असन तर तवा कमी तापवा."

एकदा तोंड उघडलं ते उघडलंच. भाऊबीज आटोपून निघालो, तेव्हा अकोल्याची बस हलेपर्यंत त्या खिडकीखाली उभं राहून मला पोळी शिकवत होत्या, आणि शेजारी बसलेली माझी बायको पदरात तोंड लपवून हसत होती.