शुक्रवारचे हात

आमच्या नंदनवन वस्तीतल्या पाळणाघराच्या दाराशी एक टोपली आहे. लेकरांच्या पायातून गळलेले एकेकटे मोजे तिच्यात टाकतात. जोडीचा सापडत नाही आणि असलेला फेकवत नाही. संध्याकाळी नातवंडं न्यायला येणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांकडे किस्सेही तसेच साचलेत. आज टोपली उपडी करते.

आधी माझं सांगते. मी शाळेत गणित शिकवलं आणि परीक्षेत कॉप्या पकडल्या. दुसरं काम मला जास्त चांगलं जमायचं. मी निवृत्त झाले, पण नजर काही झाली नाही.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी नात उचलायला मनाई केली. मिहू तेव्हा आठ महिन्यांची होती. सून श्वेता बँकेत आहे, तिची सुट्टी संपत आलेली. म्हणून पाळणाघर. मला फार लागलं ते. घरात आजी बसलेली आणि लेकरू परक्यांच्या सतरंजीवर! माझा चेहरा पाहून मुलगा म्हणाला, "आई, बाबागाडीत घालून तूच नेजो, तूच आणजो. एकदाही गडबड वाटली त सांग. त्या दिवसापासून मिहू घरी."

मिहू घरी म्हणजे श्वेताही घरी. ती तिथेच पोळ्या लाटत होती. लाटतच राहिली. मी मात्र दुसऱ्या दिवसापासून गडबड शोधायला लागले.

*

फाटकाबाहेरच्या बाकावर मला जोडीदारही मिळाला. रामटेके काका. वीज खात्यातून रिटायर झालेले. तारांवर टाकलेले चोरीचे आकडे पकडण्यात त्यांची हयात गेली. त्यांच्या लेकीचा मुलगा विहान मिहूएवढाच. आमचं लगेच जमलं.

पाळणाघर चालवणाऱ्या मीनल मॅडमनी एकदा प्रत्येक घरून वाटीभर मसूर मागवली. बाटलीत डाळ भरायची, झाकण घट्ट लावायचं आणि लेकरांनी ती हलवून आवाज ऐकायचा. याला ॲक्टिव्हिटी म्हणतात. संध्याकाळी पाहतो तर प्रत्येक बाटलीत चिमूटभर डाळ. आणि दारात मसुरीच्या वरणाचा घमघमाट.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मी काकांकडे. लेकरं सांभाळणाऱ्या कांताबाईंना मी सरळ विचारलं, "बाकीची डाळ कुठे गेली?"

"डब्यात हाये जी. पुढच्या महिन्याले लागन. अन् बाटली पूर्ण भरली त वाजन कशी?"

"मग हा वास कशाचा?"

कांताबाईंनी काकांच्या पिशवीकडे बोट दाखवलं. काकूंनी लेकीसाठी दिलेला वरणाचा डबा आत उपडा झाला होता.

*

मग आरसा आला. लेकरांना पालथं टाकतात आणि समोर जमिनीलगत आरसा ठेवतात. लेकरू स्वतःला पाहून मान उचलतं, मान बळकट होते. मॅडमनी असं छान समजावलं.

काकांना पटलं नाही. "बाई, माह्या ध्यानात आलं. आरसा ठेवला का सांभाळणाऱ्या बायाही डबल दिसते."

मीही खिडकीतून माणसं मोजली. आरशातली वजा करून.

*

एका संध्याकाळी मिहूचं तोंड लालभडक. हनुवटीवरून लाल ओघळ. मी पदराने पुसून जखम शोधायला लागले. कांताबाई म्हणाल्या, "बीट हाये जी. कागदावर ठप्पे माराले देलं होतं, तिनं खाऊन टाकलं."

माझ्या हातून ही पोरगी बिटाचा कण खात नाही, थुंकून देते. मी विश्वास ठेवला नाही. सकाळी लंगोट लाल निघाला तेव्हा थेट डॉक्टरांना फोन लावला. मी घाबऱ्याघुबऱ्या सगळं सांगितलं. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "काल चित्रकला होती का?"

त्यांचाही मुलगा तिथेच जातो.

*

आता मुख्य गोष्ट. दर शुक्रवारी प्रत्येक लेकराच्या हाताचा रंगीत ठसा कागदावर उमटवून घरी देतात. मॅडम त्याला डोळे, मिशा काढतात. एखाद्या शुक्रवारी फुलपाखरू, एखाद्या शुक्रवारी कोंबडा.

विहानचा कोंबडा पाहून काका पांढरे पडले. तुऱ्याला सहा बोटं होती.

"आमच्या घराण्यात कोणालेच सहा बोटं नाही," ते म्हणाले. मी म्हटलं, हात हलला असेल. पण त्यांचं समाधान होईना. रोज फाटकात विहान हातात आला की आधी त्याची बोटं मोजायचे, मग पापा घ्यायचे. तो कागद त्यांनी पुरावा म्हणून घडी करून खिशात ठेवला.

मला मात्र आमचं फुलपाखरू खटकत होतं. फारच सुबक होतं ते. पाचही बोटं कशी ऐटीत पसरलेली. मिहूच्या मुठीतून चमचा सोडवायला दोन माणसं लागतात!

मी बाकावरच्या सगळ्यांचे कागद मागून घेतले. एकावर एक ठेवले आणि उन्हात धरले. कॉपी केलेल्या दोन उत्तरपत्रिका मी अशाच पकडायची. विहानचा सोडून सगळे हात तंतोतंत जुळले. बाकी सगळ्यांच्या घरी एकाच लेकराचा हात गेला होता.

कांताबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. "गोलूचा हाये जी. तो झोपला का हात पसरूनच झोपते. बाकीचे मुठी आवळून. एकेकाची मूठ सोडवाले बसलो त दूध कोण पाजन? पयल्या पयल्यांदा केलं तसं, विहानच्या वक्ती. मंग हात टेकले."

सापडली गडबड. इतका आनंद मला शेवटची कॉपी पकडली तेव्हाही झाला नव्हता. बाबागाडी ढकलत मी घरी आले ती मनात वाक्यं जुळवतच.

*

मुलगा यायचा होता. श्वेता नुकतीच बँकेतून आली होती. मी फुलपाखरू मागितलं. बँकेत तिच्या टेबलाच्या काचेखाली असायचं ते; तिने मोबाईलमधला फोटो दाखवला.

"हा मिहूचा हात नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे, आई."

मी चष्मा पुसून फोटो पुन्हा पाहिला.

"मिहूची करंगळी वाकडी आहे. तुमच्यासारखी. यातली सरळ आहे. मला पहिल्याच दिवशी दिसलं."

"मग ठेवलं काहून?"

"दुपारी तिची आठवण आली की कुठेतरी हात ठेवायला पाहिजे ना." मग हळूच म्हणाली, "ह्यांना सांगणार तुम्ही?"

इतके महिने मी पाळणाघरावर पाळत ठेवली. ही माझ्यावर ठेवत होती. रोज घरी आली की आधी माझा चेहरा बघायची, ते मला आत्ता कळलं. मला स्वतःचाच राग आला. जेवताना मुलाने विचारलं, "काय मग आई, काही गडबड?" मी म्हटलं, "भाजीत मीठ कमी आहे."

*

पुढच्या शुक्रवारी मी दुपारीच पाळणाघरात गेले आणि सतरंजीवर मांडी जमेना म्हणून पाय पसरून बसले. मिहूला मांडीवर घेतलं. मूठ घट्ट. मी गोड बोलले, खुळखुळा वाजवला, बोटं एकेक करून सोडवली. एक उघडलं की दुसरं मिटायचं. हिरवा रंग माझ्या पदराला, चष्म्याला, मिहूच्या कानाला.

कांताबाईंनी थोडा वेळ पाहिलं. म्हणाल्या, "तुमचा हात द्या जी इकडं."

संध्याकाळी बाकावर काकांनी आमचा मोर हातात घेतला. पिसारा मोजला. पुन्हा मोजला. मग माझी हिरवी करंगळी पाहिली. खिशातून विहानचा कोंबडा काढला आणि मोराशेजारी धरला. त्या दिवशी विहान आला तेव्हा त्यांनी बोटं मोजली नाहीत.

घरी मुलाने मोर उचलला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आई, सहा बोटं? अन् हे एक एवढं मोठं, वाकडं? ही त सरळसरळ गडबड आहे."

श्वेताने कागद त्याच्या हातातून घेतला. एकेका बोटावर बोट ठेवत ती शेवटच्या बोटापाशी आली, तिथे थोडी थांबली.

"बरोबर आहेत," ती म्हणाली आणि मोर पर्समध्ये ठेवला.