रुसलेला वीर आणि बाबांचा खाकी कोट

त्या ग्रीक वीराची गोष्ट बाबांना सांगायलाच नको होती, असं आई अजून म्हणते. मी म्हणते, गोष्टीचा काय दोष? बाबांनी ती आधी अर्धीच ऐकली.

इंदूरची आमची कापड मिल बंद पडली त्या वर्षीचं हे. मी बी.ए.ला होते. बाबा विणकाम खात्यात जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम. फाटकाला कुलूप लागलं आणि ते छत्रीबागेतल्या घरी बसले. तरी अनंत चतुर्दशीला मिलची झांकी काढायचीच, असं कामगारांनी ठरवलं. मिल मेली म्हणून गणपती थोडाच थांबतो? आमची झांकी म्हणजे ट्रॉलीवरचा हलता देखावा. झोपलेला राक्षस उठून बसायचा आणि अख्खं इंदूर टाळ्या पिटायचं. त्याला उठवणारी मोटर, पट्टा, चाकं, सगळं बाबांच्या हातचं.

त्या वर्षी झांकी समितीच्या डोक्यात नव्या जमान्याचं खूळ शिरलं. बाजारातला एक इलेक्ट्रिशियन बटणांचं पॅनल घेऊन आला आणि बाबांना सर्वांदेखत सांगण्यात आलं, "तुम्ही आता जनरेटर सांभाळा, भिया." भिया म्हणजे इंदुरी भाऊ. बाबा घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. मिल गेली तेव्हा गप्प राहिलेला माणूस, या अपमानाने पेटला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, ते असं.

मी परीक्षेचं पाठ करत होते. काय पुटपुटतेस, असं बाबांनी विचारलं. मी सांगितलं, एक योद्धा होता. टाच सोडली तर त्याच्या अंगाला कुठेच शस्त्र लागायचं नाही. राजाने त्याच्या वाट्याचा मान हिसकावला, तसा तो भर युद्धात रुसून तंबूत जाऊन बसला. आपली माणसं मरत होती तरी उठला नाही. कितीतरी दिवसांनी बाबा हसले. "बरोब्बर केलं त्याने," म्हणाले आणि पुढचं न ऐकताच जेवायला उठले. मला वाटलं, चला, जेवले तरी.

झांकीच्या आदल्या दिवशी पॅनल जळलं आणि इलेक्ट्रिशियन जो गेला तो गेलाच. समितीतलं कोणी माफी मागायला आलं नाही. आले ते शेजारचे काका. बाबांच्याच खात्यातले, महूच्या फौजी घरातले, अंगाने लहानखुरे. रोज संध्याकाळी एका कपातला चहा दोघं दोन बशांत ओतून प्यायचे. जुना पट्टा परत तूच जोड, म्हणून काकांनी पुष्कळ विनवलं. बाबा भिंतीकडेच बघत राहिले.

"मग निदान तुझा खाकी कोट दे," काका म्हणाले. "तो दिसला की झांकीवरच्या पोरांना वाटेल, भिया आले. पट्टा जोडायला वर मी चढतो."

बाबांनी खुंटीवरचा कोट काढून त्यांच्या अंगावर फेकला.

काका निघाले तेव्हा बाह्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या. चालत्या पट्ट्याजवळ ढगळ बाही न्यायची नाही, हे लहानपणी मला बाबांनीच शिकवलेलं. पण रागावलेल्या माणसाला दिसतं कुठे?

गोष्टीचं पुढचं ऐका, मी म्हटलं. नको म्हणाले. मी ऐकवलंच, अगदी तारस्वरात. त्या वीराचा जिवलग मित्र त्याच्याकडे आला, त्याचं चिलखत मागून घेतलं, ते घालून लढायला गेला. सगळ्यांना वाटलं, वीरच आला. आणि मित्र मारला गेला.

"काकांच्या बाह्या बघितल्यात, बाबा?"

बाबा उठले. चपलाही घातल्या नाहीत. सायकल काढली, मी मागे कॅरियरवर. पुलावर ट्रॅक्टर आडवा उभा, दोन्हीकडे गर्दी. बाबांनी सायकल माझ्याकडे टाकली आणि पळत सुटले. मीही ती भिंतीला टेकवून मागे पळाले. मिलमागच्या मैदानातला जनरेटर लांबूनच ऐकू येत होता, म्हणजे पट्टा चालू होता.

राक्षसाच्या पाठीमागे मचाणावर काका वाकलेले. बाबांनी हाक मारली, पण त्या आवाजात कोण ऐकतो? तेवढ्यात पट्ट्याने बाहीचं टोक धरलं. वर चढायला वेळच नव्हता. बाबांनी जनरेटरवर झेप घेतली आणि तो बंद केला.

पट्टा थांबेस्तोवर बाही खांद्यापासून फाटून चाकात गेली होती. काकांचं मनगट मोडलं, पण हात राहिला. बाबा तिथेच मातीत बसले आणि सगळ्यांसमोर ढसाढसा रडले. मिलचं रडणंही त्यातच असावं.

दुसऱ्या दिवशी झांकी निघाली. राक्षस उठून बसला. मागे बाबा, एका बाहीचा कोट घालून.

त्यानंतरच्या संध्याकाळी काका चहाला आले. उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. बाबांनी चहा बशीत ओतला आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या ओठांना लावला. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "त्या वीराला वेळेवर सांगणारं कोणी नव्हतं का गं?"

"त्याचं घर लांब होतं, बाबा. तंबूत घरचं कोण असणार?"

बाबांनी मान हलवली. काकांचा चहा संपेपर्यंत बशी तशीच धरून बसले.